कुत्र्यांना न्हाऊंमाखूं घालणाऱ्यांची प्रकृति



धंद्याचा ठसा धंदेवाल्याच्या अंगावर उमटल्यावांचून राहत नाहीं. शिंप्याची मान, लोहाराचे खांदे, मुनिमाचे डोळे आणि शाळामास्तरचा घसा यांच्याकडे पाहिलें म्हणजे त्या त्या माणसाचा जन्म कशांत गेला हें त्याला विचारण्याची गरज पडत नाहीं. ही गोष्ट वैद्यानें लक्षांत घेण्यासारखी आहे हें इटलींतील बर्नार्दिनो रामात्सीनी या वैद्यानें नीटपणें मांडलें. इ. स. १७०० मध्यें त्यानें कारागिरांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता?' या एका प्रश्नाची भर घातली. त्या ग्रंथांत व १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तींत खाणींतले मजूर आहेत, कुंभार आहेत, कपडे धुणाऱ्या बाया आहेत, लेखनिकही आहेत. कुत्र्यांचे केस कापणाऱ्याला मात्र त्यांत स्वतंत्र प्रकरण मिळालेलें नाहीं.

तरी हा धंदा अगदींच नवा नव्हे. पॅरिस शहरांत सेन नदीवरील पाँ नफ नांवाच्या पुलावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुत्र्यांची हजामत करणारे पुरुष व स्त्रिया आपली पेटी मांडून बसत, आणि गिऱ्हाइकाचा पूडल मांडीवर आडवा घेऊन तेथेंच कातरून देत. पूडल हा मूळचा पाण्यांत उतरून शिकार आणणारा कुत्रा. पोहतांना अंग हलकें राहावें म्हणून मागचे केस काढावयाचे आणि छाती व सांधे गारठूं नयेत म्हणून तेथले तेवढे ठेवावयाचे, असा त्याच्या त्या चमत्कारिक हजामतीचा उगम सांगतात. पुढें १८७३ सालीं इंग्लंडांत केनेल क्लब स्थापन झाला, १८९१ सालीं चार्ल्स क्रफ्ट यानें लंडनला आपल्या नांवाचें पहिलें श्वानप्रदर्शन भरविलें, आणि कुत्रें सजविणें ही एक विद्या होऊन बसली. विसाव्या शतकांत विजेचे क्लिपर आले, तेव्हां हाताला थोडी विश्रांति मिळाली. थोडीच म्हणावयाचें कारण पुढें येईल.

आपल्याकडे कुत्र्याचा मान जुना आहे. दत्ताच्या पायाशीं कुत्रीं आहेत, खंडोबाबरोबर कुत्रें आहे, आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. परंतु आपलीं कुत्रीं बहुधा आखूड केसांचीं. त्यांना नदी हाच हौद आणि ऊन हाच टॉवेल. हल्लींचें शहरांतलें कुत्रें चौथ्या मजल्यावर राहतें, कोचावर बसतें, आणि पुष्कळदां अशा जातीचें असतें कीं जिचे केस माणसाच्या केसांप्रमाणें वाढतच राहतात. तिबेट-चीनकडून आलेले ल्हासा ॲप्सो व शिह त्सू हे त्यांतलेच. त्यांचे केस कोणी तरी नियमानें कापलेच पाहिजेत. म्हणून मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांतून कुत्र्यांना न्हाऊंमाखूं घालणारीं दुकानें निघालीं आहेत. कांहीं कारागीर तर मोटारींत हौद व टेबल घालून दारापर्यंत येतात. यांत स्त्रियाही आहेत. त्यांना लोक इंग्रजी नांवानें ग्रूमर म्हणतात. 'श्वानप्रसाधक' असा भारदस्त शब्द कोणी बनविला तरी दुकानाच्या पाटीवर तो चढण्याचा संभव थोडा. तेव्हां येथेंही ग्रूमर हाच शब्द चालविलेला बरा.

घरच्यांना हें काम गमतीचें वाटतें. दिवसभर गोजिरवाण्या प्राण्यांशीं खेळावयाचें आणि वर पैसेही मिळवावयाचे, याहून सुख तें कोणतें? प्रत्यक्षांत दिवसभर उभें राहणें, ओलें राहणें, ओझें उचलणें, एकच हालचाल हजारदां करणें, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजांत आणि केसांच्या धुळींत वावरणें, आणि हें सर्व करीत असतां तोंडांत दांत असलेल्या गिऱ्हाइकाची मर्जी राखणें, इतक्या गोष्टी एकाच धंद्यांत क्वचित् एकत्र येतात. आणि ज्या घरांतून कुत्रें पाठविलें जातें त्या घराचा या प्रश्नाशीं संबंध नाहीं असेंही नाहीं. थकलेल्या हातांतली कात्री घसरते. दुखऱ्या पाठीचा माणूस कुत्र्याला ओढून उभें करतो. बहिरा होत चाललेला माणूस गुरगुर उशिरां ऐकतो. ज्या उपायानें कारागिराचें अंग वांचतें त्याच उपायानें बहुतेक वेळां कुत्र्याचेंही अंग वांचतें.

प्रथम हाताचा विचार करावा, कारण या धंद्याचें सगळें भांडवल हातांत असतें. चांगला ग्रूमर कात्री धरतो तेव्हां तिच्या कड्यांत आंगठा व अनामिका असतात. खालचें पातें स्थिर राहतें आणि हलतो तो एकटा आंगठा. आंगठा कड्यांत मुळापर्यंत घुसविला तर सारें मनगट कात्रीबरोबर हेलकावे खाऊं लागतें. टोकापुरताच घातला तर मनगट सरळ राहतें. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो आणि केस कापले न जातां ओढले जातात. कुत्रें अंग चोरतें, तें अंग चोरतें म्हणून हात आणखी आवळतो, आणि अशा रीतीनें धार लावण्याचे वांचविलेले पैसे दोघांच्या अंगांतून वसूल होतात. डावखुऱ्या माणसानें उजव्या हाताच्या कात्रीवर काम भागविणें हाही असाच खोटा काटकसरीपणा होय. त्याच्यासाठीं वेगळ्या कात्र्या मिळतात.

आंगठ्याच्या या अविश्रांत हालचालीचा परिणाम काय होतो हें स्वित्झर्लंडचा शल्यवैद्य फ्रिट्झ द केर्व्हँ यानें १८९५ सालीं वर्णिलें. आंगठा हलविणाऱ्या दोन दोऱ्या, ज्यांना शास्त्रांत कंडरा म्हणतात, मनगटाच्या बाजूला एका अरुंद म्यानांतून जातात. म्यान सुजलें कीं दोऱ्या अडकतात आणि चहाचा कप उचलतांनाही कळ येते. आंगठा मुठींत धरून मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वांकविली असतां आंगठ्याच्या मुळाशीं तीव्र वेदना झाली, तर हें दुखणें असावें असा संशय घेऊन डॉक्टरांकडे जावें. दुसरें एक दुखणें रात्रीं येतें. आंगठा, तर्जनी व मधलें बोट यांना मुंग्या येऊन झोंप मोडते, हात झटकल्यावर बरें वाटतें, करंगळी मात्र शाबूत असते. मनगटांतील बोगद्यांतून जाणारी मज्जा दाबली जात असल्याची ही सूचना होय. 'दिवसभर काम केलें, हात दुखायचाच,' असें म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणारा माणूस कांहीं वर्षांनीं सुई ओवतां येत नाहीं म्हणून चकित होतो. विजेच्या क्लिपरनें कात्रीचें श्रम कमी केले खरे. पण त्याचा कंप मनगटांतून कोंपरापर्यंत चढतो, आणि तो घट्ट धरल्यास अधिकच चढतो. त्याला पेन धरावें तसें सैल धरावें. त्याचें पातें चालून चालून तापतें; तें दर थोड्या वेळानें आपल्याच हाताच्या आंतल्या बाजूला लावून पाहावें. जें आपल्याला सोसत नाहीं तें कुत्र्याच्या पोटाच्या पातळ कातडीला कसें सोसावें?

हात वांचविण्याचा सर्वांत मोठा उपाय मात्र औषधांत किंवा हत्यारांत नसून दिवसाच्या आंखणींत आहे. जड केसांचें, वेळखाऊ कुत्रें सकाळीं ताज्या हातानें घ्यावें. त्याच्यामागून आखूड केसांचें, ज्याला केवळ स्नान व नखें एवढेंच हवें असें एखादें घ्यावें. पुन्हा कात्रीचें काम. म्हणजे एका प्रकारच्या श्रमांतून सुटलेला स्नायु दुसऱ्याच्या वेळीं विसावतो. दोन कुत्र्यांच्या मध्यें पांच मिनिटें बोटें सरळ ताणून, मनगट मागेंपुढें वांकवून, खांदे खालीं सोडून उभें राहावें. पांच मिनिटें कोठून आणावयाचीं, असा प्रश्न दुकानांत हटकून निघतो. जेथें दर कुत्र्यामागें मोबदला ठरलेला असतो तेथें तर तो निघणारच.

आतां जटांचा प्रश्न. समजा, दिवाळीच्या आदल्या शनिवारीं एका घरून शिह त्सू जातीचें कुत्रें येतें. दोन महिने फणी लागलेली नाहीं. वरून ब्रश फिरविला आहे, त्यामुळें वरचे केस रेशमासारखे दिसतात. खालीं, कानामागें, काखेंत, गळपट्ट्याच्या खालीं, केसांचें नमद्यासारखें एक आवरण तयार झालें आहे. घरच्यांचा निरोप असा कीं, केसांची लांबी कमी करूं नये, पाहुणे यावयाचे आहेत, आणि पांच वाजतां गाडी येईल. अशा वेळीं ग्रूमरनें काय करावें?

जटा सोडवावयाच्या म्हटल्या तर एक एक जट बोटानें धरून, तिचें मूळ दाबून, टोकाकडून फणीनें उकलावी लागते. दीड-दोन तास हें चालतें, आणि त्या सर्व वेळांत मनगट वांकलेल्या स्थितींत झटके खात असतें. कुत्र्याच्या बाजूनें पाहिलें तर कोणी आपले केस दोन तास मुळांतून उपटावे तसा हा प्रकार. आधीं स्नान घातलें तर काम सोपें होईल असें पुष्कळांना वाटतें, पण पाण्यानें जट अधिक आवळते. कात्रीनें कापावी तर जटेंत वर ओढली गेलेली कातडी डोळ्यांना दिसत नाहीं आणि नेमकी तीच पात्यांत सांपडते. या धंद्यांतील किती तरी जखमा अशाच होतात. राहिला मार्ग क्लिपरचा. दहा नंबरचें पातें, जें सुमारें दीड मिलिमीटर केस ठेवतें, तें जटेच्या खालून कातडीला समांतर हळू हळू सरकवावें. सगळें आवरण ब्लँकेटासारखें उतरून येतें. खालीं कधीं लाल झालेली, ओलसर, वास मारणारी कातडी निघते, कधीं गोचिड्या. अर्धापाऊण तासांत काम होतें. कुत्रें बोडकें दिसतें, पण तें अंग झाडून उड्या मारूं लागतें, यावरून त्याचें मत काय तें कळतें. केस पुन्हा वाढतात. मनगट तसें पुन्हा वाढत नाहीं.

म्हणून शहाणा ग्रूमर कुत्रें हातीं घेण्यापूर्वीं फणी कातडीपर्यंत घालून पाहतो, जें आढळलें तें घरच्यांना दाखवितो, आणि त्यांची संमति घेतल्यावर क्लिपर चालवितो. घरच्यांनीं रागावूं नये. त्यांना रागावयाचेंच असेल तर घरांतल्या कोनाड्यांत पडलेल्या फणीवर रागवावें. रोज दहा मिनिटें, आणि वरवर नव्हे तर दांते कातडीला लागेपर्यंत फणी फिरविली, तर ही पाळी येत नाहीं. उलटपक्षीं, गोल्डन रिट्रीव्हर किंवा पॉमेरेनियनसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याचा मे महिन्यांत उन्हाळ्याच्या भीतीनें गोटा करा म्हणून हट्ट धरणारेही असतात. त्या जातींचे वरचे राठ केस उन्हापासून कातडीचें रक्षण करतात आणि पुष्कळदां एकदां काढल्यावर पूर्वींसारखे उगवत नाहींत. तेथें आंतली सुटलेली लव विंचरून काढावी, म्हणजे हवा खेळती राहते. ग्रूमरनें तेथें नम्रपणें नकार द्यावा.

पाठीसंबंधीं थोडक्यांत सांगितलें तरी चालेल, कारण नियम हमालालाही ठाऊक असतात; पाळले जात नाहींत एवढेंच. पूर्ण वाढीचा लॅब्राडोर तीस किलोच्या आसपास भरतो, आणि तांदळाच्या पोत्याप्रमाणें तो स्तब्ध राहत नाहीं. त्याला एकट्यानें उचलूं नये. दोघांनीं गुडघे वांकवून, एकानें छातीखालीं व दुसऱ्यानें मांड्यांखालीं हात घालून उचलावें, किंवा उतरती फळी लावून त्यालाच चढूं द्यावें. बहुतेक कुत्रीं दोनतीन वेळांत शिकतात. टेबल वरखालीं होणारें असावें. लहान कुत्र्यासाठीं उंच, मोठ्यासाठीं बुटकें, कीं जेणेंकरून कारागिराचें कोंपर बरगडीजवळ राहील. स्नानाचा हौद कमरेइतका उंच हवा. न्हाणीघराच्या फरशीवर ओणवें होऊन कुत्रीं धुणाऱ्या माणसाची कंबर चाळिशीच्या आंतच म्हातारी होते. पायाखालीं रबराची जाड चटई, पंजांचे केस कापतांना बसावयाला फिरतें स्टूल, आणि पुढून बंद असलेलीं पादत्राणें, एवढें केलें तरी पुष्कळ. पादत्राणें बंद कां, तें पुढें येईल.

स्नानानंतर कुत्रें वाळवावयाचें असतें आणि येथें दुकानांतला सर्वांत मोठा आवाज सुरू होतो. जोराचा झोत सोडणाऱ्या ड्रायरनें केसांतलें पाणी उडवून लावतां येतें, त्याबरोबर सुटलेले केसही निघतात. यंत्र उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. परंतु अमेरिकेच्या कामगार-आरोग्यविषयक सरकारी संशोधन संस्थेनें आठ तासांच्या दिवसाला ८५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा सुचविली आहे, आणि वर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा असें म्हटलें आहे. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला अवघा एक. यंत्र नसलें तरी एक साधी परीक्षा आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशीं ओरडून बोलावें लागत असेल तर आवाज कानाला घातक समजावा. आलेलें बहिरेपण परत जात नाहीं, आणि तें प्रथम बारीक, उंच स्वरांतलें ऐकूं येणें नेतें. त्यामुळें त्या माणसाला स्वतःला तें बरेच दिवस कळत नाहीं, त्याच्या बायकोला मात्र कळतें. कानावर मफ चढविणें हा उपाय स्वस्त आहे. कुत्र्याचा कान तर माणसाहून तिखट. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकूं येतें, कुत्र्याला सुमारें पंचेचाळीस हजारांपर्यंत. त्याच्या डोक्यावरूनही मऊ कापडाची पट्टी बसवावी, झोत प्रथम मंद ठेवून शेपटीकडून सुरुवात करावी, आणि तोंडावर कधीं सोडूं नये. पग, शिह त्सू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवेच्या पेटींत एकटें सोडून जाणें म्हणजे त्यांच्या जिवाशीं खेळ होय; उष्णता बाहेर टाकण्याचें त्यांचें साधन मुळांतच तोकडें असतें.

त्या झोताबरोबर उडालेले केस, कोंडा व साबणाचे कण छातींत जातात. दुकानाला बाहेर हवा फेंकणारा पंखा हवा, आणि ड्रायर चालू असतांना नाकातोंडावर चांगला मास्क हवा. ज्याला सकाळीं शिंका आणि सुट्टीच्या दिवशीं आराम असा अनुभव येऊं लागेल, त्यानें तें सर्दी म्हणून सोडून देऊं नये. कापलेले आखूड केस आणखी एक विचित्र खोडी करतात. त्यांचें टोंक सुईसारखें असतें. तें बोटांच्या बेचक्यांतील मऊ कातडींत शिरतें, आंत रुतून राहतें, आणि तेथें बारीक नळीसारखें भोंक होऊन पू धरतो. न्हाव्यांमध्यें हें दुखणें फार दिवसांपासून माहीत आहे. कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांनाही तें जडतें. पायांच्या बोटांतही तें होऊं शकतें, आणि म्हणूनच बंद पादत्राणें. सारखे ओले राहणारे हात भेगाळतात, त्या भेगांतून साबणाचा दाह होतो. शाम्पू सांगितल्याप्रमाणें पातळ करून वापरणें, स्नानाच्या वेळीं हातमोजे घालणें, आणि हात पुसून त्यांना व्हॅसलीन किंवा घरचें खोबरेल लावणें यांत कमीपणा कसला?

पावसाळ्यांत अधिक जपावें लागतें. कुत्र्याच्या अंगावर केस गळून गोल चट्टा दिसला तर तो बहुधा गजकर्णासारख्या बुरशीचा असतो आणि तो माणसाला लागतो. असें कुत्रें आधीं पशुवैद्याकडे पाठवावें. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु उंदराच्या व रोगी कुत्र्याच्या मूत्रांतून येतात आणि जखमेंतून शरीरांत शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगानें मुंबईंत माणसें दगावलीं हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. हाताला कापलेलें असतां उघड्या हातानें कोणाही कुत्र्याला स्नान घालूं नये.

यांहून गंभीर गोष्ट चावण्याची. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, एकदां प्रगट झाला कीं जवळजवळ निश्चित मृत्यु आणतो. आणि तो प्रगट होण्यापूर्वीं तितक्याच खात्रीनें टाळतां येतो. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर यानें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोंचविली, तेव्हांपासून हा मार्ग मोकळा झाला. भारतांत १९०० सालीं कसौलीला आणि १९०७ सालीं कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. जुन्या घरांत 'पोटांत चौदा इंजेक्शनें' ही धमकी मुलांना ठाऊक होती. ती जुनी लस आतां इतिहासजमा झाली असून हल्लींची लस दंडांत घेतां येते. ग्रूमरनें ती चावण्याची वाट न पाहतां आधींच घ्यावी. पूर्वीं लस घेतलेल्याला चावल्यानंतर दोनच मात्रा पुरतात आणि रेबीजविरोधी तयार प्रतिद्रव्याचें इंजेक्शन लागत नाहीं. पण त्या दोन मात्रा त्यानेंही टाळावयाच्या नाहींत. चावा अगर ओरखडा कितीही लहान असो, वाहत्या पाण्याखालीं साबणानें पुरीं पंधरा मिनिटें धुवावा. घड्याळ लावून पाहिलें म्हणजे पंधरा मिनिटें किती लांब असतात तें कळतें. तिखट, चुना, हळद, तंबाखू यांतलें कांहीं एक त्यावर चोपडूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

चावा अचानक येतो असें म्हणतात, तें पुरतें खरें नाहीं. कुत्रें आधीं पुष्कळ बोलतें. तें ओंठ चाटतें, झोंप नसतां जांभई देतें, तोंड फिरवितें, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असें तिरपें पाहतें. सर्वांत वाईट खूण म्हणजे धडपडणारें कुत्रें एकाएकीं दगडासारखें स्तब्ध होणें. नवशिका समजतो, झालें, शांत झालें. जाणता ग्रूमर त्या क्षणीं हात मागें घेतो. मुसकें घालणें हा कुत्र्याचा अपमान नव्हे, पण तें श्वास घेऊं देणारें हवें आणि थोडा वेळच असावें. टेबलावर उभें करतांना गळ्यांत अडकवितात ती दोरी लावून तर कुत्र्याला एक क्षणही सोडून जाऊं नये. तें खालीं उडी मारील तर तोच फास ठरतो. त्या वेळीं दूरध्वनीची घंटा वाजली तर खुशाल वाजूं द्यावी.

या बाबतींत घरच्यांकडून एक अन्याय नेहमीं घडतो, आणि तो सभ्य घरांतून अधिक घडतो. पूर्वीं कुत्रें कोणाला चावलें असल्यास तें सांगत नाहींत. आपल्या लाडक्याची अब्रू जाईल, किंवा दुकानदार नाहीं म्हणेल, अशी भीति. सांगितलें तर ग्रूमर सकाळची शांत वेळ देईल, जोडीला माणूस घेईल, काम दोन खेपांत वांटील. न सांगितल्यास त्याला तें आपल्या बोटांवरून शिकावें लागतें. आणि उजव्या हाताचें एक बोट पंधरा दिवस बंद राहिलें तर रोजच्या कामावर पोट असलेल्या त्या माणसाच्या घरीं त्या महिन्यांत काय होत असेल? लसीकरणाचा दाखला, कानाचें अगर सांध्याचें जुनें दुखणें, फटाक्यांनीं बसलेली भीति, हें सर्व एका कागदावर लिहून कुत्र्याबरोबर पाठविलें तर काय बिघडेल? म्हाताऱ्या कुत्र्याला तर तासन् तास उभें राहणें झेपतच नाहीं. त्याला एक दिवस स्नान आणि दुसऱ्या दिवशीं केस, असें करावें. पैसे दोनदां पडले तरी पडूं द्यावे.

वेळेचीही तीच गोष्ट. दर अर्ध्या तासानें 'झालें का?' म्हणून विचारणारें गिऱ्हाईक त्या कात्रीचा वेग वाढवीत असतें. दुकानाच्या मालकानें सणाच्या आठवड्यांत कुत्र्यांची संख्या वाढविण्याऐवजीं आधींच्या आठवड्यांत लोकांना बोलावून घ्यावें, आणि दुपारच्या जेवणाला पाऊण तास ठरवून पाटी लावावी. कुत्र्यांनीं भरलेल्या दुकानांत माणसाच्या जेवणाचा डबा संध्याकाळीं तसाच परत जातो, पाणी पिण्याचें राहून जातें, आणि लघवीला जाण्याची सुद्धां चालढकल होते; स्त्रियांना यापासून होणारे विकार कोणी बोलून दाखवीत नाहींत म्हणून ते नाहींत असें नव्हे.

शेवटचें कुत्रें गेल्यावर पातीं घासून जंतुनाशकांत बुडवावयाचीं, हौदाच्या मोरींतले केस काढावयाचे, टेबल पुसावयाचें, बोथट झालेली कात्री धारवाल्यासाठीं वेगळी ठेवावयाची. मग कोंबट पाण्यांत दोन्ही हात मनगटांपर्यंत पांच मिनिटें सोडून बसावें, बोटें उघडमीट करावीं, नीट पुसावीं, आणि दिव्याखालीं धरून प्रत्येक बेचकें फांकवून पाहावें. केस रुतलेला दिसला तर चिमट्यानें त्याच वेळीं उपटावा. उद्यां काढूं म्हणून ठेवूं नये.